ट्रेल्स मालिका: सुरुवात कुठून करू? (लॅपटॉप जुना, नेट गावचं)

सेतूवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स. विम्याची तारीख गेली की दुकानात नुसत्या माशा मारायच्या. त्या दिवसांत गेम खेळतो. मोबाईलवरच्या गोळीबाराचा आता वीट आलाय. मध्यंतरी फायनल फँटसीचा सहावा भाग मोबाईलवर पूर्ण केला आणि पाळीपाळीनं लढायचे, भरपूर गोष्ट असलेले जपानी खेळ आपल्याला मानवतात हे लक्षात आलं.

आता जिकडे तिकडे 'द लेजंड ऑफ हिरोज: ट्रेल्स' या मालिकेचं नाव दिसतंय. यादी उघडली आणि डोकं गरगरलं. स्काय तीन, मग झीरो, अझ्युर, कोल्ड स्टील चार, रेव्हरी, डेब्रेक. कुणी म्हणतं पहिल्यापासून खेळ, कुणी म्हणतं कुठूनही धर.

लॅपटॉप दुकानातलाच आहे, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. लाइटचा भरवसा नाही आणि बॅटरी म्हातारी झालीये. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. सांगा काय करू.

तुऱ्हाटी

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

कोथरूडकर_मूळचा_वाशीमचा

कोल्ड स्टील १ पासून सुरू कर. सरळ मुद्दा असा की स्काय २००४ चा खेळ आहे, दिसायलाही तसाच, आणि पहिले कित्येक तास त्यात काही घडत नाही. मांजरी शोध, पत्र पोहोचव, असलीच कामं. कोल्ड स्टीलमध्ये सैनिकी अकादमी आहे, सरदारांची आणि सामान्यांची पोरं एकाच वर्गात टाकलीयेत, त्यावरून वाद पेटतात. नायक नवा, देश नवा. मी तिथूनच सुरू केलं, माझं काही अडलं नाही.

शकुंतला_पॅसेंजर

कोथरूडकर, तुमचं अडलं नाही कारण काय हुकलं ते तुम्हाला कळलंच नाही. :)

सेतूवाले भाऊ, नीट सांगतो. थोडं लांबेल.

आधी हे की फायनल फँटसीसारखा हा प्रकार नाही. तिथं प्रत्येक आकड्याला नवं जग, नवी माणसं. सहावा संपवून दहावा घेतला तरी चालतं. ट्रेल्समध्ये आजवरचे १३ खेळ एकाच खंडावर, एकाच कालरेषेवर घडतात. झेमुरिया खंडाचं नाव. लिबर्ल हे लहानसं राज्य, त्याच्या उत्तरेला एरेबोनियाचं साम्राज्य, पूर्वेला कॅल्व्हर्ड प्रजासत्ताक, आणि या दोन दांडग्यांच्या मधे चेंगरलेलं क्रॉसबेल. स्कायचे तीन खेळ लिबर्लचे. झीरो आणि अझ्युर क्रॉसबेलचे. कोल्ड स्टीलचे चार साम्राज्याचे. रेव्हरीत हे सगळे धागे एकत्र येतात आणि डेब्रेकपासून कॅल्व्हर्ड सुरू होतं. एका खेळात दुकानाबाहेर भेटलेला माणूस तीन खेळांनंतर दुसऱ्या देशात भेटतो आणि त्याचं वय तेवढं वाढलेलं असतं.

हे बनवणारी निहोन फाल्कॉम ही कंपनी १९८१ सालची, जपानच्या मानानंही लहान. तिचे सध्याचे अध्यक्ष तोशिहिरो कोंदो मुळात याच कंपनीच्या खेळांवर स्वतःची वेबसाइट चालवणारे चाहते. तिथून नोकरीला लागले आणि २००७ पासून अध्यक्ष आहेत. जुनी पात्रं, जुने दुवे एवढे जपले जातात, ते उगीच नाही.

आता क्रम. जपानमध्ये ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं खेळायचे: स्कायचा पहिला (२००४), दुसरा (२००६), तिसरा (२००७), झीरो (२०१०), अझ्युर (२०११), कोल्ड स्टील १ ते ४ (२०१३ ते २०१८), रेव्हरी (२०२०), मग डेब्रेक आणि त्यापुढचे. इंग्रजीत हे उलटसुलट आले म्हणून सगळा घोळ. कोल्ड स्टील १ इंग्रजीत २०१५ लाच आला. झीरो आला २०२२ मध्ये आणि अझ्युर २०२३ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी कोल्ड स्टीलपासून धरलं त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, त्यांना दोष नाही. झीरो आणि अझ्युरचं इंग्रजी आधी जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटानं स्वतःहून केलं होतं. ते इतकं सरस निघालं की पुढे प्रकाशकानं तेच अधिकृत आवृत्तीत घेतलं.

आज सगळे भाग उपलब्ध असताना मधूनच घुसणं म्हणजे पंगतीत बुंदी वाढायला आली की जाऊन बसणं. पोट भरेल, पण वांग्याची भाजी आणि रोडगे गेले ना! कोल्ड स्टील २ च्या शेवटाकडे जे उलगडतं ते अझ्युर खेळलेल्याला हादरवतं. न खेळलेला म्हणतो, हे कोण लोक?

तुमच्या लॅपटॉपची काळजी सोडा. स्कायचे तिन्ही भाग जुन्या पीसीसाठीच बनलेले, तुमच्या ४ जीबीत आरामात पळतील. आणि लाइटचं म्हणाल तर संवाद किंवा लढाई चालू नसेल तेव्हा कुठंही उभं राहून सेव्ह करता येतं. सेव्हची जागा शोधत फिरावं लागत नाही.

तुऱ्हाटी

बाप रे. १३? नोकरी सोडावी लागेल.

शकुंतला_पॅसेंजर

सोडू नका, महिन्याचा रिचार्ज कोण मारेल. पहिला भाग चाळीसेक तासांचा. तो आणि दुसरा मिळून एक गोष्ट पूर्ण होते. एवढंच ठरवा. आवडलं तर पुढचं पुढं. एका दमात १३ खेळणारे लोक कंटाळून जातात आणि मग मालिकेला नावं ठेवतात.

जागल्या

मले एक सांगा भाऊ, तो पेर्झेल पाटील कोणत्या गावचा होय?

म्या पहिला भाग जुन्या पीएसपीवर, म्हंजे हातात धराच्या गेमच्या यंत्रावर खेळलो. सीताबर्डीत सेकंडह्यांड भेटला, डिस्क सोबतच होती. आमची शेतातली थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली का हरभऱ्याले पाणी द्याले जा लागते. स्टार्टर टाकला, दांड मोडला, का मंग झोपडीत बसून राय. तिथं खेळतो. बोटं गारठते, पण झोप नाई येत.

तर सुरुवातीलेच एक काम येते. पेर्झेल म्हणून शेतकरी रायते, त्याच्या वावरात रात्री जनावरं घुसते न भाजीपाला खाऊन टाकते. मंग खेळातले दोन पोरं, एस्टेल न जोशुआ, रातभर जागलीले जाते. म्या म्हटलं, वा रे पट्ठे, जपानवाल्याइले बी जागल माईत हाय! पकडले बी त्याइनं ते जनावरं. आता झोडपतीन म्हटलं. त पाटील म्हणते, राहू द्या, सोडून द्या बिचाऱ्याइले!

आमच्या इकळं रानडुकरं एका रातीत सोयाबीनचं वावर लोळवते. रोह्याचा कळप वेगळाच. त्या पेर्झेलले एक हंगाम आमच्या वावरात आणून बसवा, मंग पाहू किती दया येते.

मोर्शीची_संत्री

जागल्या भाऊ, हसून हसून पुरेवाट झाली. माझ्या सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या पाटलाकडे बागायत नसेल, नाहीतर सोडलं नसतं.

पण खरं सांगू का, मला मालिका आवडायला लागली ती याच प्रसंगापासून. मोठं संकट नाही, जग बुडत नाहीये. एका शेतकऱ्याचा कोबी जातोय, आणि त्याचं काम गिल्डच्या फलकावर लागतं. गिल्ड म्हणजे ब्रेसर गिल्ड. सरकारी पोलीस नाही, सैन्य नाही, लोकांच्या अडीनडीला धावणारी संघटना. एस्टेल ही सोळा वर्षांची मुलगी वडिलांसारखी ब्रेसर व्हायला निघालीय. हातात तलवार नाही, लाठी. मासे धरायचा नाद. पाच वर्षांपूर्वी एका रात्री तिचे वडील कॅसियस एका जखमी मुलाला घोंगडीत गुंडाळून घरी घेऊन आले. तो जोशुआ. तेव्हापासून दोघं एका घरात वाढली. तो कोण, कुठला, याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही. बस्, एवढ्यावर खेळ सुरू होतो. पुढचं मी सांगणार नाही, रहस्यभेद होईल.

सेतूवाले दादा, तुमच्या इंग्रजीच्या प्रश्नावर बोलते, कारण मी शाळेत तेच शिकवते. स्कायमध्ये मजकूर अफाट आहे. पण जुन्या आवृत्तीत बहुतेक संवाद आवाजाशिवाय आहेत आणि बटण दाबेपर्यंत ओळ पडद्यावरून हलत नाही. शब्द अडला तर मोबाईलवर अर्थ बघा, मग पुढे जा. घाई करणारं कुणी नाही. साधं, घरगुती बोलणं जास्त आणि तेच तेच शब्द पुन्हा येतात. क्वार्ट्झ, सेपिथ, ऑर्बमेंट ही नावं तर तासाभरात पाठ होतील. ऑलिव्हिए नावाचा एक गवई भेटेल. त्याचं इंग्रजी मुद्दाम नटवं, अलंकारिक केलंय. ते कळलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, त्याच्यासोबतच्यांनाही ते झेपत नाही.

माझ्या नववीतल्या एका भाच्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिला भाग खेळला. आता इंग्रजीचा उतारा पाहून पळत नाही. यापेक्षा जास्त दावा करत नाही.

कोथरूडकर_मूळचा_वाशीमचा

बरं, क्रम मान्य. पण मग नवा स्काय का नको? सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्या भागाची संपूर्ण नव्यानं केलेली आवृत्ती आलीय: ३डी, जास्त संवादांना आवाज, फिरता फिरता तिथंच तलवार चालवता येते आणि मोठ्या लढाईला पाळीपाळीच्या पद्धतीत जाता येतं. नवख्या माणसाला २००४ चा खेळ देणं म्हणजे छळ आहे.

शकुंतला_पॅसेंजर

ती आवृत्ती उत्तम आहे, वाद नाही. ज्याच्याकडे पीएस५, स्विच किंवा बरा पीसी आहे त्यानं डोळे मिटून तीच घ्यावी. गोष्ट तीच, गावं तीच, आणि बोस शहराचा बाजार आता खरंच बाजारासारखा दिसतो. पण सेतूवाल्यांच्या यंत्रावर ती चालणार नाही, आणि त्यांच्या हॉटस्पॉटवर ती उतरवायला पुढचा विमा हंगाम येईल.

शिवाय एक व्यावहारिक गोष्ट. पहिला भाग जिथं संपतो तिथं लगेच दुसरा हातात हवाच. इंग्रजीत पहिला भाग पीएसपीवर २०११ मध्ये आला आणि दुसरा २०१५ मध्ये. चार वर्षं लोक त्या शेवटावर लटकून होते. जुन्या आवृत्तीत तिन्ही भाग तयार आहेत. संपवला की उघडा पुढचा.

जागल्या

मी अजून लटकून हाओ. पीएसपीवर दुसऱ्या भागाची डिस्कच भेटून नाई रायली. नागपूरभर हिंडलो.

शकुंतला_पॅसेंजर

भेटणारच नाही भाऊ. इंग्रजीत दुसरा भाग पीएसपीसाठी फक्त डाउनलोडनं विकला गेला, डिस्क निघालीच नाही. पीसीवर घ्या.

जागल्या

हे तं कोणी सांगतलंच नाई बाप्पा! दुकानदार म्हणे, पुढच्या आठवड्यात येते, पुढच्या आठवड्यात येते.

अंजनगावचा_पानमळा

लढाईबद्दल कुणी काहीच बोललं नाही अजून. सगळे गोष्टीतच रमलेत. नवीन माणूस पहिल्याच मोठ्या लढाईत आपटतो, म्हणून थोडं.

पडद्याच्या डाव्या कडेला चेहऱ्यांची उभी रांग दिसते. तो पाळीचा क्रम. काही पाळ्यांच्या शेजारी खूण असते: कुठं जबर घाव, कुठं आयुष्य भरून येणं, कुठं ताकद वाढणं. ज्याची पाळी त्या खुणेवर येईल, त्याला ते मिळतं. तुम्हाला असो की शत्रूला. आणि सगळा खेळ इथंच आहे. तुमच्या पात्राकडे १०० सीपी, म्हणजे लढता लढता साठणारे गुण, जमले की त्याचा महाघाव कुठल्याही क्षणी मधेच घुसवता येतो. याला एस-ब्रेक म्हणतात. जबर घावाची खूण राक्षसाच्या वाट्याला जाताना दिसली की त्याच्या आधी एस्टेलला घुसवायचं. खूण तिची, घाव तिचा, राक्षस एक घर मागे. महाघावाला सगळे सीपी खर्च होतात, म्हणून उगीच किरकोळ लढाईत उधळायचे नाहीत. २०० पर्यंत साठू दिले तर घाव आणखी जोरात बसतो.

नवखे लोक सगळ्यांकडून एकेक घाव मारत बसतात आणि मग म्हणतात खेळ अवघड आहे. खेळ अवघड नाही, रांग बघा.

दुसरं, जादू. इथं पातळी वाढली म्हणून जादू येत नाही. कमरेच्या ऑर्बमेंटमध्ये खाचा असतात, त्यात क्वार्ट्झ बसवायचे, आणि एका ओळीत असलेल्या क्वार्ट्झच्या तत्त्वांची बेरीज होऊन जादू तयार होते. ऑलिव्हिएच्या सगळ्या खाचा एकाच लांब ओळीत आहेत, म्हणून त्याच्याकडे मोठ्या जादू. ज्यांच्या ओळी तुटक, त्यांनी हाणामारी करावी. सुरुवातीला अर्थ गार्ड मिळेल असं बसवून घ्या. शत्रूचा एक वार पूर्ण फुकट जातो, मग तो कितीही मोठा असो.

आणि पातळी वाढवण्यासाठी त्याच त्या शत्रूंना पुन्हा पुन्हा मारत बसू नका. तुम्ही वरचढ झालात की त्यांच्याकडून मिळणारा अनुभव झपाट्यानं घटतो. वाटेत येतील तेवढे मारा, पुरेसं होतं.

तुऱ्हाटी

पानमळा, हे छापून घेतलं. प्रिंट सेतूवाल्याकडूनच मागवणार होतो पण अंतर फार आहे.

सेतूवाला_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार! क्रमाचा विषय मिटला, पहिल्या स्कायपासूनच. आता विकत कुठून घेऊ आणि उतरवू कसा तेवढं सांगा. इथं दुपारी नेट इतकं रडतं की पोर्टलवर लोकांचे फॉर्मही चढत नाहीत.

अंजनगावचा_पानमळा

स्टीम म्हणजे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथं युपीआय चालतं, कार्डाची गरज नाही. जूनअखेर आणि डिसेंबरात मोठी सूट लागते, तेव्हा तिन्ही भाग एकदम घ्या. जुना स्काय आकारानं आजच्या खेळांपुढे चिल्लर आहे. पहाटे लावून ठेवा, आमच्याकडे चारच्या सुमारास नेट बरं पळतं. तालुक्याला मित्राकडे ब्रॉडबँड असेल तर तिथं उतरवून स्टीममधूनच बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवर आणून आपल्या लॅपटॉपवर बसवा. एकदा लॉगिन करून ऑफलाइन मोड लावला की नेट नसलं तरी खेळ चालतो.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही मिळतो. तिथं थेट इन्स्टॉलरची फाइल मिळते, एकदा पेनड्राइव्हवर ठेवली की नेटचा संबंध संपला. गावात राहणाऱ्यानं मला विचारलं तर मी तेच सांगतो.

कोथरूडकर_मूळचा_वाशीमचा

अवांतर: फुकटात मिळणाऱ्या लिंका व्यक्तिगत निरोपातून पाठवू का?

शकुंतला_पॅसेंजर

नको. लहान कंपनी आहे. सूट लागते तेव्हा तालुक्याच्या एका फेरीत बाहेर जेवतो तेवढ्यात काम होतं. आणि अशा लिंकांसोबत काय काय येतं ते दुकानाच्या लॅपटॉपवर, जिथं लोकांची आधार कार्डं स्कॅन होतात, तिथं तर मुळीच नको.

मोर्शीची_संत्री

पॅसेंजर दादांशी शंभर टक्के सहमत.

सुरू करण्याआधी एक सवय लावून घ्या दादा. गोष्टीत काहीही घडलं, अगदी किरकोळ, की गावातल्या माणसांशी पुन्हा बोला. बाकीच्या खेळांत गावकरी एकच वाक्य घोकतात. इथं प्रत्येक घटनेनंतर त्यांचं बोलणं बदलतं. एखादीचं भांडण चालू असतं, दोन घटनांनंतर तिनं नवऱ्याशी बोलणं सोडलेलं असतं, पुढच्या वेळी समेट. या लोकांचा मुख्य गोष्टीशी काही संबंध नाही, त्यांना नावं मात्र आहेत. पुढे अँटन म्हणून एक पोरगा भेटेल. प्रेमात पडतो, आपटतो, पुन्हा पडतो. मित्र रिकी त्याला समजावत फिरतो. दोघं देश ओलांडून पुढच्या खेळांतही हजर, आणि अँटनचं काही जमत नाही! मला मुख्य खलनायकापेक्षा त्याची काळजी जास्त.

फलकावरच्या कामांना मुदत असते. लहान, मध्यम, मोठी असं लिहिलेलं असतं. लहान मुदतीचं काम आधी उरका, गोष्ट पुढे सरकली की ते जातं. काही कामं तर फलकावर लागतच नाहीत, माणसांशी बोलूनच मिळतात.

आणि रिकामी पेटी पुन्हा उघडून बघा. इंग्रजी करणाऱ्यांनी रिकाम्या पेट्यांसाठीही वेगवेगळी खट्याळ वाक्यं लिहिलीयेत. गोष्टीत त्यांचं काही काम नाही, तरी कुणीतरी बसून लिहिलीयेत.

कोथरूडकर_मूळचा_वाशीमचा

हे सगळं करत बसलं तर चाळीस तासांचे साठ होतात. मी पुन्हा सांगतो, पहिला भाग संथ आहे. ज्याला धीर नाही त्यानं याच कंपनीची ईस मालिका बघावी. १९८७ पासून चालू, नायक बहुतेक वेळा तोच, एडॉल, पण प्रत्येक खेळ स्वतंत्र. धावा, मारा, संपवा.

शकुंतला_पॅसेंजर

ईसबद्दल पूर्ण सहमत, आणि स्काय संथ आहे हेही मान्य. प्रस्तावना रोलेंट गावातच जाते. पण ती संथ आहे म्हणूनच पुढे विमान बेपत्ता झाल्याची बातमी येते तेव्हा तुम्हाला एस्टेलइतकाच धक्का बसतो. तोवर रोलेंटमधली घरं तुमच्या ओळखीची झालेली असतात. संवाद वगळून धावत गेलात तर ते फक्त एक बेपत्ता विमान आहे.

चालण्याचा, लढायांचा कंटाळा येत असेल तर पीसी आवृत्तीत टर्बोचं बटण आहे. रस्ते आणि किरकोळ लढाया त्यानं पळवा. संवाद पळवू नका.

सेतूवाला_दारव्हा

मंडळी, खबर द्यायला आलो. घेतला. जीओजीवरून, दारव्ह्याला एका मित्राकडे उतरवला, पेनड्राइव्हवर आणला. लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरत नाही इतका हलका चालतो.

रोलेंट संपलं, बोसला पोहोचलोय. पेर्झेलची जागल झाली. जागल्या भाऊ, मी दुकानात खेळत होतो, मागे दाखल्यासाठी आलेले दोन काका उभे राहून बघत होते. पाटलानं जनावरं सोडा म्हटल्यावर एकानं तुमचंच वाक्य जवळपास शब्दशः म्हटलं, आणि दुसऱ्यानं विचारलं की नुकसानभरपाईचा पंचनामा झाला का.

इंग्रजीचं ताई म्हणतात तसंच. सुरुवातीला शब्दागणिक मोबाईल, आता कमी. शेरा नावाची चाबूकवाली ताई दारू पिऊन बोलायला लागली की मात्र गाडी अडते.

एक प्रश्न. पहिल्या भागातला सेव्ह दुसऱ्या भागात कामाला येतो म्हणे, तर तो नेमका कोणता जपायचा?

अंजनगावचा_पानमळा

खेळ संपल्यावर, श्रेयनामावली सरकून गेल्यावर, तो स्वतःहून सेव्ह करायला विचारतो. तो 'पूर्ण' झालेला सेव्ह जपायचा. शेवटच्या लढाईआधीचा चालत नाही. दुसऱ्या भागात सुरुवातीलाच तो वाचता येतो आणि लहानसहान फायदे मिळतात. नसला तरी खेळ अडत नाही. झीरोहून अझ्युरला जाताना मात्र जरूर न्या, तिथं तुम्ही आधी काय केलं होतं त्यावरून काही संवाद बदलतात.

सेव्हची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. लॅपटॉप दुकानाचा आहे, उद्या कुणी फॉरमॅट मारला तर चाळीस तास गेले.

शकुंतला_पॅसेंजर

आणि दुसरा भाग आधीच उतरवून ठेवा, आत्ताच, बोसला असतानाच. पहिला रात्री उशिरा संपतो सगळ्यांचा. त्या वेळी दारव्ह्याला मित्राचं दार वाजवायची पाळी येऊ नये.

सेतूवाला_दारव्हा

उद्याच जातो. तिसराही आणू का सोबत? त्याचा नायक वेगळा आहे म्हणे, वगळला तर?

शकुंतला_पॅसेंजर

वगळू नका. नायक केव्हिन, बहुतेक खेळ एकाच विचित्र जागेत घडतो, गावं फिरायला मिळत नाहीत, म्हणून लोक नाकं मुरडतात. पण त्यात जागोजागी दारं आहेत. प्रत्येक दारामागे एखाद्या जुन्या पात्राची छोटी गोष्ट. क्रॉसबेल आणि साम्राज्यात पुढे जे घडतं त्याची बीजं तिथंच पेरलीयेत. दुसरा संपवून थोडे दिवस थांबा, मग घ्या.

जागल्या

म्या बी दुसरा घेतला, पोराच्या ल्यापटॉपवर. आता तो म्हणते बाबा माह्या अभ्यासाचा ल्यापटॉप द्या. या आठवड्यात रातची पाळी हाय, वावरात ल्यापटॉप नेऊ का नाई, बॅटरी किती टिकते कोणी सांगा.

अंजनगावचा_पानमळा

खेळ हलका आहे. पडद्याचा उजेड कमी करा, वायफाय बंद ठेवा, मोटरीनं भिजवणं उरकेपर्यंत निघेल. दव पडतं तेवढं सांभाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या आणि पोराला विचारून न्या.